डोमाभाऊंचं चलान

भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता त्या काळात आमच्या मोटर गॅरेजमध्ये कुठकुठले ड्रायव्हर होते. पंजाबी, बंगाली, आंध्राकडचे, इथलेच छत्तीसगढी. दुपारी जेवणाची सुट्टी झाली की जो तो आपला डबा घेऊन सावली शोधायचा, आणि ज्या सावलीत डोमाभाऊ लिल्हारे बसलेले असतील तिथं बाकीच्यांना जागा उरायची नाही.

मी त्या गॅरेजमध्ये बाबू होतो. कोणती गाडी कोणत्या साहेबाकडे जाईल आणि कुणाला किती पेट्रोल द्यायचं, हे माझ्याकडे. वडील डोंगरगडला रेल्वेत, त्यामुळे घरात मराठी आणि बाहेर हिंदी अशीच माझी वाढ झाली होती. डोमाभाऊ गोंदियाच्या पलीकडच्या एका खेड्यातले. बिडीपत्त्याच्या ठेकेदाराचा ट्रक चालवत ते इकडे आले होते. पहिल्या दिवशी माझ्या खिडकीत डोकं घालून त्यांनी विचारलं, "बाबू, मराठी होय का तुमी?" मी हो म्हणालो. "मंग बसतो थोडा वेळ," म्हणाले, आणि बसलेच.

उंच, वाळके, खांद्यावर सदा गमछा. आवाज मात्र मोठा नव्हता. गोष्ट रंगात आली की तो आणखी लहान व्हायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला पुढे सरकावंच लागे. गोष्ट ते स्वतःहून कधी सुरू करत नसत. "जाऊ द्या, तुमाले खरं नाई वाटनार," असं म्हणत ते उठायचे, आणि मग दोन जण त्यांचा गमछा धरून त्यांना खाली बसवायचे.

सगळ्यांना कळावं म्हणून गॅरेजमध्ये ते हिंदीत सांगत, पण मला आठवतं ते त्यांच्या मराठीतच. वाघाची गोष्ट त्यांची सगळ्यात गाजलेली. राजहऱ्याच्या खाणीच्या रस्त्याला थंडीत त्यांची गाडी थांबलेली, आणि वाघ येऊन बोनेटवर बसला. कशाला, तर ऊब घ्यायला.

"मंग तुमी का केलं?"

"का करतो? इंजिन चालूच ठेवलं. बंद केलं असतं तं बोनेट थंडं पडलं असतं, वाघाची झोप मोडली असती. उजाडेपर्यंत पेट्रोल जाळलं ना बाप्पा. म्हनून तं बाबूच्या हिशेबात फरक पडते."

सगळे माझ्याकडे बघून हसायचे. पुढच्या खेपेला वाघाबरोबर दोन पिल्लं असायची. कुणी अडवलंच, की "तवा सांगाचं राहून गेलं," म्हणून ते मोकळे.

करतारसिंग नावाचे एक वयस्क ड्रायव्हर होते. सरहद्दीपलीकडचं घरदार टाकून आलेले. कुणाशी बोलत नसत, भिंतीकडे तोंड करून जेवत. एके दिवशी पिल्लांनी वायपर चाटायला सुरुवात केली तेव्हा भिंतीकडून ठसका ऐकू आला. सरदारजींच्या घशात रोटी अडकली होती, हसून. डोमाभाऊंनी पाणी नेऊन दिलं, पाठ चोळली, आणि दुसऱ्या दिवसापासून आपला डबा भिंतीशी नेऊन उघडायला लागले. गर्दीही मागोमाग गेली.

मी एकदा विचारलं, "डोमाभाऊ, इतकं कशाला वाढवता?"

ते गमछ्यानं काच पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "इथं सगळ्याईचं घर दूर हाय, बाबू. भाकर खाताना घरची लई याद येते. तेवढा वेळ काही तरी बोलून राहिलो तं का बिघडते?"

घरी मात्र त्यांच्या गोष्टींना कुलूप होतं. आमची क्वार्टरं एकमेकांना लागून. त्यांच्या बायकोला, गयावहिनींना, फार बोलायची सवय नव्हती. डोमाभाऊ ओसरीत आम्हाला सांगायला लागले, की "नाग निंघाला तं दहा हात लांब," की आतून, चुलीपाशी बसल्या जागेवरून, गयावहिनींचा एकच शब्द यायचा.

"किती?"

डोमाभाऊ जरा थांबायचे. "पाच तं होता."

"किती?"

"लांब होता," असं म्हणून ते विषय बदलायचे. त्या दोघांत याबद्दल कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही. ते वाढवायचे, त्या कमी करायच्या, आणि संसार नीट चालला होता.

अशा या माणसाचा चेहरा एका उन्हाळ्यात दुपारी सुजून भोपळ्यासारखा झाला. एक डोळा मिटलेला, ओठ लोंबलेला. त्या दिवशी ते एका रशियन इंजिनियर साहेबांना आणि त्यांच्या दुभाष्याला घेऊन दुर्गच्या जुन्या बाजारात गेले होते. साहेबांना बांबूच्या टोपल्या घ्यायच्या होत्या.

"मधमाशा," डोमाभाऊ सुजलेल्या ओठातून म्हणाले. "चिमनीएवढी एकेक. सगळं मोहोळच्या मोहोळ जीपमंदी. जीप उचलूनच नेत होत्या, मी मागून धरून ठेवली."

गॅरेज हसून हसून लोळलं. मीही हसलो. कुणी म्हणालं दाढ दुखत असेल, कुणी म्हणालं बाजारात कुणाचा तरी मार खाल्ला. डोमाभाऊही दुखऱ्या तोंडानं हसले. चार दिवसांत सूज उतरली आणि आम्ही विसरून गेलो.

मग चलान आलं. जीपच्या नंबरावरून ते थेट गॅरेजमध्ये पोचलं. दुर्गच्या बाजारात, गाडी उभी करण्यास मनाई असलेल्या जागी, ड्रायव्हर हजर नसताना, तासभर जीप उभी. अमुक तारखेला कचेरीत हजर व्हावं.

आमचे साहेब पटवर्धन. पुण्याकडचे, माणूस चांगला, शिस्तीचा. त्यांनी डोमाभाऊंना बोलावलं तेव्हा मी कागद घेऊन तिथंच उभा होतो.

"डोमाजी, दंडाचा प्रश्न नाही. तो किरकोळ असतो. पण तुम्ही गाडी बेवारस सोडून गेलात असं कोर्टात ठरलं, तर परदेशी लोकांची गाडी मी तुमच्या हाती देऊ शकत नाही. तुम्हाला कायम करायचा कागद माझ्या टेबलावर आहे. तो मला परत पाठवावा लागेल."

कायम झाले नाहीत तर क्वार्टर जाणार. पुन्हा रोजंदारीवर, पुन्हा ठेकेदाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये. त्यांची मुलगी नुकतीच वसाहतीतल्या सेक्टरच्या शाळेत जायला लागली होती.

"साहेब, मी सोडून नाई गेलो. मधमाशा आल्या."

पटवर्धन साहेबांनी चष्मा काढला. "वाघ झाला, नाग झाला. आता मधमाशा?" आणि ते हसले. वाईट अर्थानं नाही. गॅरेजच्या गोष्टी त्यांच्याही कानावर यायच्या, आणि त्यांना त्या आवडायच्या.

बाहेर आल्यावर डोमाभाऊ काही वेळ नळाखाली हात धरून उभे राहिले.

"साहेब हासले, बाबू."

"हो."

"मी हासवाले नव्हतं सांगतलं."

त्या संध्याकाळी त्यांनी ओसरीत मला सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि आतून एकदाही "किती?" आलं नाही. साहेबांना बाजाराच्या तोंडाशी उतरवून ते जीप वळवून सावलीत नेत होते. समोर बैलगाडी आडवी आली. ती निघेपर्यंत क्षणभर थांबले, ते नेमके मनाईच्या पाटीखाली. तेवढ्यात वरून मोहोळ उठलं की कुठून आलं कुणास ठाऊक, माशांचा लोंढा हुडाच्या आत शिरला आणि स्टिअरिंगच्या वर, कापडाला लटकला. डोमाभाऊ उडी टाकून पळाले. गाडीवानानं बैल पिटाळले. दुकानदारांनी फळ्या लावून घेतल्या. डोमाभाऊ समोरच्या हॉटेलात तोंडाला ओला गमछा बांधून बसले. तासाभरानं माशा आपण होऊन उठल्या, रुळांच्या बाजूला निघून गेल्या. मग त्यांनी जीप काढली आणि साहेबांना घेऊन परत आले. साहेब आणि दुभाष्या तोवर बाजाराच्या आतल्या गल्लीत होते. त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं.

"दंड भरून टाकतो," डोमाभाऊ म्हणाले. "कोनाले खरं वाटनार हाय?"

गयावहिनी बाहेर आल्या. हात पिठाचे होते. त्यांनी मला विचारलं, "भाऊजी, दंड भरला म्हनजे का होते?"

"गुन्हा कबूल केला असं होतं, वहिनी."

"मंग कावून भराचा?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "माशांचे काटे तं म्याच काढले तुमच्या तोंडावरले. सुईनं. केलं असन तं कबूल करा, मी काही म्हनत नाई. नाई केलं तं कबूल कावून?"

डोमाभाऊंनी मला विचारलं, "बाबू, रविवारी मोकळे हाय का?"

रविवारी आम्ही दोघं सायकलींवर दुर्गला गेलो. हॉटेलवाल्यानं डोमाभाऊंना लगेच ओळखलं. चहा दिला, पैसे घेतले नाहीत. साक्षीचं विचारलं तेव्हा मात्र कपबशी पुसायला लागला. "देखे तो हन भइया, फेर कछेरी नइ जावन." पाहिलं तर आहे, पण कचेरीत जाणार नाही. कापडवाल्यानं तेच सांगितलं, पानवाल्यानंही. मला राग आला. डोमाभाऊ सायकलची साखळी चढवत म्हणाले, "त्यायचं बी बरोबर हाय. दुकान बंद ठेवून कोन येनार? मी बी नसतो आलो."

कचेरीच्या आवारात पिंपळाखाली एक म्हातारे मुन्शीजी अर्ज लिहून देत बसायचे. पान खाऊन ओठ लाल, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांनी अर्ज लिहायची गरजच नाही म्हणून सांगितलं.

"पहली पेशी में सिर्फ इतना बोलना, गुनाह कबूल नहीं। बस। तब अगली तारीख मिलेगी, और जिस सिपाही ने चालान किया है वो गवाही देने आएगा। उसके बाद तुमको मौका मिलेगा उससे सवाल पूछने का। सीधा सवाल पूछना, भैया। कहानी मत सुनाना।"

डोमाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी पिंपळाकडे पाहिलं.

पहिल्या पेशीला, म्हणजे सुनावणीला, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बरोबर गेलो. रांगेत विनादिव्याचे सायकलवाले, रस्त्यात बंडी, म्हणजे बैलगाडी, सोडणारे, एक टांगेवाला. नाव पुकारलं जाई, "कबूल?" "कबूल, हुजूर," दंड, पुढचा. सगळं इतक्या वेगानं चाललं होतं की पाण्याच्या नळावर भांडी भरल्यासारखं वाटत होतं. डोमाभाऊंच्या पुढचा टांगेवाला तर नाव पुकारायच्या आधीच कबूल झाला. मग यांचा नंबर आला.

"कबूल?"

डोमाभाऊंनी गमछा खांद्यावर सारखा केला. मग मराठीतच म्हणाले, "नाई, साहेब."

रीडरनं, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या कारकुनानं, मान वर केली. रांगेतले लोक वळून बघायला लागले. दंडाधिकारी साहेब मध्यम वयाचे, थकलेले. त्यांनी एकदा डोमाभाऊंना नीट पाहिलं, पुढची तारीख सांगितली, आणि रांग पुन्हा चालू झाली. एवढंच. बाहेर येऊन डोमाभाऊ म्हणाले, "इतकंच होतं का? मी रातभर झोपलो नाई."

मधल्या दिवसांत त्यांच्या घरी तालीम चालली. मी ओसरीत दंडाधिकारी होऊन बसायचो. डोमाभाऊ समोर उभे राहून सुरुवात चांगली करायचे: बैलगाडी, पाटी, उडी. पण माशांपर्यंत आले की त्यांच्या डोळ्यांत ती जुनी चमक यायची, आवाज लहान व्हायचा आणि हात आपोआप पसरायचे.

"साहेब, आभाळ काळं झालं..."

"किती?" आतून.

"काळं नाई झालं. माशा आल्या."

"मंग तेवढंच सांगजा."

एका संध्याकाळी ते वैतागून खाली बसले. "मले नाई जमत, गया. खरं सांगतो तं मलेच खोटं वाटते. थोडं मीठ नाई घातलं तं कोनी आयकनार बी नाई."

गयावहिनी दारात आल्या आणि चौकटीला टेकून बसल्या. मग म्हणाल्या, "मले लगनाच्या आधी तुमी का म्हनलं होतं? घरी दोन एकर हाय अन बाप दारू पेते. तेवढंच म्हनलं होतं. मीठ घातलं होतं का?"

"नाई."

"मी आयकलं ना?"

मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण उठायचं कसं ते कळेना.

थोड्या वेळानं डोमाभाऊच बोलले, पण स्वतःशी बोलल्यासारखे. "एक गोष्ट नाई समजत मले. त्या शिपायाले मी दिसलो नाई. ठीक हाय, मी हाटिलीत होतो. पन सारा वेळ माझी नजर जीपवरच होती. जीपपाशी मले एक बी मानूस दिसला नाई. मंग तो होता कुठं?"

"मंग त्यालेच इचारजा," गयावहिनी उठत म्हणाल्या, आणि भाकरी करपली म्हणून आत गेल्या.

दुसऱ्या पेशीला पटवर्धन साहेबांनी मला स्वतःहून पूर्ण दिवस सोडलं. "काय होतंय ते मला येऊन सांगा," म्हणाले. गयावहिनीही आल्या. मुलीला आमच्या घरी ठेवून, धुतलेलं लुगडं नेसून, त्या कचेरीच्या दारापाशी भिंतीला लागून उभ्या राहिल्या.

शिपाई तरुण होता, नवा असावा. पट्टा चकचकीत, कपाळावर घाम. त्यानं पाठ केल्यासारखं सांगितलं, गाडी मनाईच्या पाटीखाली उभी होती, ड्रायव्हर नव्हता, तासभर नव्हता. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. ऐकताना मलाच वाटलं की संपलं.

"कुछ पूछना है?" दंडाधिकाऱ्यांनी विचारलं.

डोमाभाऊंनी गमछा खांद्यावरून काढून हातात घेतला. "भाई, तुम गाडी के पास आए थे क्या?"

"नहीं।"

"कहाँ थे?"

"उधर, मंदिर के कोने पर।"

मी मनातल्या मनात ती जागा पाहिली. मंदिराचा कोपरा जीपपासून चांगला लांब होता.

"इतने दूर कायको? पास कायको नहीं आए?"

शिपायानं दंडाधिकाऱ्यांकडे पाहिलं. दंडाधिकाऱ्यांनी कागदावरून मान वर केली. "जवाब दो। पास क्यों नहीं गए?"

"हुजूर," शिपाई अडखळला, "उधर मक्खी थी।"

"मक्खी?"

"मधुमक्खी, हुजूर। पूरी गाड़ी में भरी थी। दुकानवाले बोले मत जाओ, काट लेगी। मैं कोने से नंबर लिख लिया।"

मागच्या बाकावर कुणीतरी हसू दाबलं, ते फुटलंच. रीडरनं रुमाल तोंडाला लावला. दंडाधिकारी मात्र हसले नाहीत.

"ये बात चालान में क्यों नहीं लिखी?"

शिपायानं टाचा जुळवल्या. अगदी मनापासून म्हणाला, "हुजूर, चालान में मक्खी का खाना नहीं है।"

आता सगळी कचेरी हसली. तो आपल्या जागी बरोबर होता. नंबराचा रकाना होता, जागेचा होता, वेळेचा होता, ते त्यानं सगळे नीट भरले होते. माशीचा रकानाच नव्हता. दंडाधिकारीही शेवटी हसले. लेखणी खाली ठेवून खुर्चीत मागे टेकले आणि डोमाभाऊंना म्हणाले, "हाँ भाई, अब तुम बताओ। क्या हुआ था?"

आणि खरा धोका इथंच होता.

कारण असे श्रोते डोमाभाऊंना जन्मात मिळाले नव्हते. दंडाधिकारी उत्सुक, रीडर पुढे झुकलेला, वकील दारात येऊन थांबलेले, शिपाईसुद्धा मान वळवून ऐकायला तयार. डोमाभाऊंनी श्वास घेतला. त्यांच्या डोळ्यांत चमक आली, ती मला बाकावरून दिसली. हात थोडे पसरले. आता आभाळ काळं होणार, जीप उचलली जाणार, आणि इतका वेळ उभं राहिलेलं सगळं हशात वाहून जाणार.

"साहब, सामने बंडी आड़ी आ गई। मैं रुका। ऊपर पाटी थी, वो मैंने देखा नहीं। फिर मक्खी आई। मैं भागा। होटल में बैठा। मक्खी गई तो गाड़ी निकाली।"

ते थांबले. दंडाधिकारी वाट बघत होते. अजून हवं होतं त्यांना.

"कितनी थीं?"

दारापाशी गयावहिनींनी पदर घट्ट धरला होता. डोमाभाऊंनी तिकडे पाहिलं नाही. हात खाली आणले.

"गिनी नहीं, साहब। बहुत थीं।"

दंडाधिकाऱ्यांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. गाडी थांबवणं ड्रायव्हरच्या इच्छेनं नव्हतं, हलवणं शक्य नव्हतं, चलान रद्द. इतकं म्हणायला त्यांना जेवढा वेळ लागला त्याहून जास्त वेळ डोमाभाऊंना ते समजायला लागला. रीडर दोनदा "जाओ" म्हणाला तेव्हा ते हलले.

बाहेर पायऱ्यांवर येऊन ते खाली बसले. गयावहिनींनी पितळी गडव्यातून पाणी दिलं. अर्धं पोटात गेलं, अर्धं सदऱ्यावर. मुन्शीजींनी पिंपळाखालून हात वर केला. मी उगाचच इकडून तिकडे फिरत होतो. काही तरी जड उतरवून ठेवल्यावर खांदे रिकामे वाटतात आणि हात कुठं ठेवावे ते कळत नाही, तसं झालं होतं.

"गया," डोमाभाऊ म्हणाले, "बराबर सांगतलं ना?"

"बराबर सांगतलं," त्या म्हणाल्या. आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांनाही पायरीवर बसावं लागलं. "बंडी आड़ी आ गई म्हनते!"

तेवढ्यात तो शिपाई बाहेर आला. आम्हाला बघून बिचकला. त्याला वाटलं असावं आता भांडण होणार. डोमाभाऊ उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला समोरच्या टपरीवर चहाला घेऊन गेले. मीही गेलो. चहा येईस्तोवर डोमाभाऊ कसेबसे थांबले. मग त्यांचा आवाज हळू झाला.

"भाई, सच बताओ। एक एक चिड़िया जैसी थी ना?"

शिपायानं विचार केला. बशीतला चहा फुंकला. "चिड़िया से थोड़ी बड़ी," तो म्हणाला.

डोमाभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की बघा बाबू, सरकारी साक्ष आहे.

गॅरेजमध्ये मी पटवर्धन साहेबांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग उठून बाहेर गेले, जिथं डोमाभाऊ जीपच्या चाकात हवा भरत होते तिथं. "डोमाजी, मी तुमचं ऐकायला हवं होतं," इतकंच म्हणाले. डोमाभाऊंनी पंप खाली ठेवला. "साहेब, तुमचं बी बरोबर होतं. वाघ तं मीच सांगतला होता," ते म्हणाले. कायम झाल्याचा कागद पुढच्या महिन्यात आला. गयावहिनींनी शेजारीपाजारी रव्याचे लाडू वाटले. करतारसिंगांनी एकट्यानं अर्धा डबा संपवला.

नंतरच्या वर्षांत ही हकीकत गॅरेजमध्ये किती वेळा सांगितली गेली याची गणती नाही. कचेरी मोठी होत गेली, दंडाधिकाऱ्यांच्या जागी हायकोर्टाचे जज्ज आले, आणि माशा दुर्गपासून भिलाईपर्यंत पसरल्या. पण एक मी लक्ष देऊन पाहिलं आहे. "कितनी थीं?" या प्रश्नापाशी आले की डोमाभाऊ आजूबाजूचा सगळा मसाला बाजूला ठेवत आणि तेच उत्तर देत, तसंच, तेवढंच. नवे पोरगे हसायचे नाहीत तिथं. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढे कारखाना चालू झाला, धुराडी धूर सोडायला लागली, रशियन साहेब एकेक करून परत गेले. डोमाभाऊंना नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीवर अँब्युलन्स मिळाली. माझी बदली कार्यालयात झाली आणि भेटी कमी झाल्या. मग बऱ्याच वर्षांनी मला नागपूरला नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला गेलो. त्यांनी कोहक्याला छोटी जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. कौलं नवी होती, ओसरी शेणानं नुकती सारवलेली.

गयावहिनींनी ओठावर बोट ठेवून मला दारातच थांबवलं. ओसरीत खाटेवर डोमाभाऊ झोपले होते. खाकी सदरा अंगातच, पाय खाटेबाहेर. पोटावर एक उघडंनागडं तान्हं, मुलीचं असावं, तेही झोपलेलं. आजोबांच्या श्वासाबरोबर वर-खाली होत होतं.

"सकाळपासून खानीवर होते," वहिनी कुजबुजल्या. "कोनाचा पाय अडकला होता, त्याले दवाखान्यात नेऊन आले. वाचला म्हनते. आताच डोळा लागला. उठवू का?"

मी नको म्हणालो. पाणी प्यालो. थोडा वेळ उंबऱ्यावर बसलो. इतका वेळ डोमाभाऊंच्या जवळ बसलो आणि ते एक शब्दही बोलले नाहीत, असं पहिल्यांदाच होत होतं. चेहरा अगदी मोकळा होता, कपाळावर एक आठी नाही. अंगणात कुणाची तरी सायकल खडखडत गेली. बाळानं हात हलवला, तो त्यांच्या हनुवटीला लागला. ते जागे झाले नाहीत. झोपेतच त्यांनी तळहात बाळाच्या पाठीवर ठेवला आणि हसले, आणि मी चपला हातात घेऊन फाटकाबाहेर आलो.